दाबलं म्हणून आत गेलं?

नाताळच्या सुट्टीत मी वडोदऱ्याला घरी गेले होते. आमचं घर समाला. मुंबईच्या मित्रमंडळींना ‘समा’ म्हटलं की काही कळत नाही, म्हणून सांगते. वडोदरा शहराच्या उत्तरेचा हा भाग, विश्वामित्री नदीच्या जवळचा. इथूनच सावलीकडे जाणारा रस्ता सुटतो. वडोदऱ्यात गायकवाडांच्या काळापासून मराठी घरं आहेत, पण आम्ही त्यांतले नाही. आमचे आजोबा वसईहून नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. त्यामुळे आमच्या घरात मराठी, गुजराती आणि इंग्रजी एकाच ताटात वाढलेल्या असतात.

त्या रविवारी माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. बाळ पाच महिन्यांचं. पांढऱ्या झग्यात गोड दिसत होतं, पण दोन्ही गाल लालभडक, खरखरीत, एका बाजूला बारीक खपली धरलेली. चर्चमधून घरी आल्यावर ताईनं पर्समधून एक ट्यूब काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि बाळाच्या गालाला हळूच मलम लावायला लागली. शेजारच्या काकींनी ते पाहिलंच. त्या म्हणाल्या, “ट्यूब लगाडीने दबावी देशो तो अंदर उतरशे. पछी दम थशे.” म्हणजे, मलम लावून दाबलंत तर रोग आत उतरेल आणि मग दमा होईल.

काकी वाईट नाहीत. पुराच्या वेळी आम्ही दोन रात्री त्यांच्याच वरच्या मजल्यावर काढल्या होत्या. त्या काळजीनंच बोलल्या. पण ताईनं ट्यूब गुपचूप पर्समध्ये परत टाकली. मी मम्मीकडे पाहिलं, तर ती केकचा ट्रे हातात धरून जागच्या जागी उभी. कारण हेच वाक्य तिनं माझ्या धाकट्या भावाच्या वेळी ऐकलं होतं, आणि तेव्हा ते वसईहून मराठीत आलं होतं: “मलमानं दाबलंस ना, म्हणून आत गेलं.”

रात्री भांडी पुसताना ती म्हणाली, “तू एवढी पुस्तकं वाचतेस. एकदा हे पण नीट वाचून सांग. माझ्यामुळे झालं का गं त्याला?”

मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. पण प्रश्न आईचा होता, म्हणून वाचलं. जे समजलं ते मंडळाच्या वाचकांसाठी लिहितेय. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात असं बाळ आणि अशा काकी असणारच.

भावाची गोष्ट

आधी भावाचं सांगते, कारण त्याची गोष्ट अगदी पुस्तकातल्यासारखी आहे. तो आता सतरा वर्षांचा आहे. चौथ्या महिन्यात त्याचे गाल लाल झाले, मग कपाळ, मग हातापायांची बाहेरची बाजू. लंगोटाची जागा मात्र साफ. रात्रभर तो गाल उशीवर घासायचा. मम्मीनं त्याच्या हातांना मोजे शिवले होते. पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला अंडं खाल्ल्यावर त्याच्या तोंडाभोवती गांधी उठल्या. दोन-अडीच वर्षांचा झाल्यावर गाल सुधारले, पण कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत चट्टे आले. खाजवून खाजवून तिथली कातडी जाड आणि काळपट झाली. सहाव्या वर्षी थंडीत खोकला लागला तो थांबेना. छातीत शिट्टीसारखा आवाज यायला लागला, डॉक्टरांनी दमा सांगितला आणि पंप दिला. दहाव्या वर्षापासून सकाळी उठल्याबरोबर शिंका, दहा-बारा सलग.

आणि या सगळ्याच्या मध्ये, तिसऱ्या वर्षी, मम्मीनं डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टिरॉईडचं मलम त्याला लावलं होतं. चट्टे गेले. तीन वर्षांनी दमा आला. घरच्यांनी दोन टोकं जोडली आणि निकाल लावला.

डॉक्टरी पुस्तकांत या क्रमाला एक नाव आहे: ‘ॲटॉपिक मार्च’. मला आधी वाटलं मार्च महिन्याशी संबंध असेल, ऋतू बदलतो वगैरे. तसं नाही. हा ‘कूच’ या अर्थाचा मार्च. पहिल्यांदा त्वचेचा इसब, मग खाण्यातल्या पदार्थाचं वावडं, मग दमा, मग नाकाची ॲलर्जी. एकामागून एक, रांगेत चालल्यासारखे. म्हणजे आजी आणि काकी जो क्रम सांगतात तो त्यांनी कल्पनेतून काढलेला नाही. आधी कातडी, मग छाती, हे पिढ्यान् पिढ्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. प्रश्न क्रमाचा नाहीच, कारणाचा आहे.

शब्दांनी केलेला घोळ

इथे मला माझा विषय उपयोगी पडला. मराठीत आपण याला ‘इसब’ म्हणतो. इंग्रजीतला ‘एक्झिमा’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे ‘उकळून वर येणं’. आपल्या भाषेत सांगायचं तर उतू जाणं. बघा, शब्दातच चित्र आहे: आत काहीतरी खदखदतंय आणि ते कातडीवाटे बाहेर पडतंय. आपल्याकडेही तेच म्हणतात, ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’. एकदा हे चित्र डोक्यात बसलं की पुढचं आपोआप येतं. बाहेर पडणारं झाकलं तर ते जाणार कुठे? आतच.

ही समजूत फक्त आपल्या आज्यांची नाही. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८२८ मध्ये जुनाट आजारांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात खाजेचा आजार वरून दाबल्यामुळे आतले रोग होतात, दमासुद्धा होतो, असंच मांडलं होतं. म्हणजे काकींचं वाक्य युरोपातही जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी छापून आलेलं आहे. १८९२ मध्ये बेनिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी खाजणाऱ्या या त्वचारोगाचं वर्णन करताना त्याच रुग्णांमध्ये दमा आणि परागज्वर आढळतो हे नोंदवलं. म्हणजे नातं दिसत होतं, ते कसलं हे कळत नव्हतं.

मग १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द तयार केला. आणि १९२३ मध्ये कोका आणि कुक या दोन अमेरिकी डॉक्टरांना दमा, परागज्वर अशा घराण्यात चालत येणाऱ्या आजारांसाठी एक नाव हवं होतं, तेव्हा ते ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांकडे गेले. (साहित्यवाल्यांनो, आपली कुठे तरी गरज लागते!) त्या प्राध्यापकांनी सुचवलेला शब्द म्हणजे ‘ॲटॉपी’. अर्थ साधारण असा: जागा सोडून असलेलं, विचित्र. शरीरानं जिथे गप्प बसायला हवं तिथे न बसणं. १९३३ मध्ये इसबाच्या या प्रकाराला ‘ॲटॉपिक डर्मटायटिस’ हे नाव मिळालं.

मला विचाराल तर आपला ‘वावडं’ हा शब्द या सगळ्यांपेक्षा सरस आहे. ‘त्याला अंड्याचं वावडं आहे’ म्हटलं की त्यात अंड्याचा दोष नाही, माणसाचाही नाही. दोघांचं जमत नाही, एवढंच. आणि ॲलर्जी म्हणजे नेमकं तेवढंच. अंडं, शेंगदाणा, धुळीतले किडे, परागकण यांपैकी काहीच विष नसतं. शरीराची पहारेकरी व्यवस्था त्यांना शत्रू समजते आणि नको तितकं भांडण काढते.

भिंत आधी पडते

आता खरी गोष्ट. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो असं समजा. सपाट, मेलेल्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं हा चुना. या भिंतीची दोन कामं: आतलं पाणी आत ठेवायचं, बाहेरचं बाहेर. इसब होणाऱ्या बऱ्याच मुलांमध्ये ही भिंत जन्मापासूनच थोडी कच्ची असते. पाणी उडून जातं म्हणून कातडी कोरडी, आणि फटी राहतात म्हणून बाहेरचं आत शिरतं.

२००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांच्या गटानं एक मोठी गोष्ट दाखवली. ‘फिलॅग्रिन’ नावाचं एक प्रथिन या भिंतीच्या बांधणीत महत्त्वाचं असतं. ते बनवणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाची शक्यता बरीच वाढते, आणि इसबाबरोबर येणाऱ्या दम्याचीही. आता गंमत बघा. फिलॅग्रिन कातडीत असतं, फुप्फुसाच्या नळ्यांत त्याचं काम नाही. तरी त्याच्या दोषाचा धागा दम्यापर्यंत जातो. म्हणजे सुरुवात छातीत नसून कातडीत असू शकते. सगळ्या मुलांत हा दोष सापडत नाही, इतर कारणंही आहेत. पण या शोधानंतर संशोधकांची नजर ‘आतून बाहेर’ऐवजी ‘बाहेरून आत’ अशी वळली.

फट पडली की काय होतं? खाजवल्यामुळे दुखावलेल्या कातडीच्या पेशी धोक्याची घंटा वाजवतात, म्हणजे काही रसायनं सोडतात. ती ऐकून पहारेकरी पेशी धावून येतात. त्याच वेळी फटीतून घरातल्या धुळीचा, किड्यांच्या विष्ठेचा, स्वयंपाकघरातल्या अंड्या-दाण्याचा सूक्ष्म कण आत आलेला असतो. घंटा वाजतेय आणि समोर हा अनोळखी चेहरा. पहारेकरी त्याला चोर ठरवतात आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं तयार होतात. ही ओळख कायमची नोंदवली जाते आणि रक्तावाटे सगळीकडे पोचते. पुढे तोच पदार्थ पोटात गेला किंवा तोच कण श्वासातून छातीत गेला की तिथले पहारेकरी ‘हाच तो!’ म्हणून तुटून पडतात. पोटात गेल्यावर गांधी, उलट्या. नाकात शिंका. श्वासनळीत सूज, चिकट कफ, शिट्टी.

१९९८ मध्ये बॉस्टनमध्ये उंदरांवर हा प्रयोगच करून पाहिला गेला. उंदरांच्या कातडीवर अंड्यातलं प्रथिन लावलं. कातडीवर इसबासारखा दाह झाला. मग तेच प्रथिन श्वासातून दिलं, तर श्वासनळ्या दम्यासारख्या आक्रसायला लागल्या. त्या उंदरांना कुणीही मलम लावून काही दाबलेलं नव्हतं. उघड्या कातडीनंच छातीची वाट दाखवली होती.

मम्मीला हे समजावताना मी म्हटलं, “चोर घरात शिरला तो दार लावल्यामुळे नाही. दार उघडं राहिल्यामुळे.”

मग मलमाचं काय?

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण बाळांवरचे अभ्यासही आहेत, आणि त्यांतला एक थेट आमच्या घरच्या भांडणाला उत्तर देतो.

जपानमध्ये इसब असलेल्या ६५० तान्ह्या बाळांचे दोन गट केले होते. वय फक्त ७ ते १३ आठवडे. एका गटाला नेहमीसारखं, चट्टा दिसला की तिथे स्टिरॉईडचं मलम. दुसऱ्या गटाला जास्त जोरकस उपचार, चट्टे नसलेल्या जागीसुद्धा. काकींचं म्हणणं खरं असतं तर दुसऱ्या गटात जास्त रोग ‘आत’ जायला हवा होता. झालं उलट. २०२३ मध्ये निकाल आले: २८ आठवड्यांच्या वयाला अंड्याची ॲलर्जी नेहमीच्या गटात ४१.९ टक्के बाळांना होती, जोरकस उपचारांच्या गटात ३१.४ टक्के. कातडी लवकर शांत केली तर अंड्याचं वावडं कमी झालं.

पण त्याच अभ्यासात दुसऱ्या गटातल्या बाळांचं वजन सरासरी सुमारे ४०० ग्रॅमनं कमी भरलं. म्हणून त्या संशोधकांनीच सांगितलं की एवढा जोरकस उपचार सरसकट सगळ्यांना देऊ नये. मला हे आवडलं. स्टिरॉईड म्हणजे राक्षस नाही आणि अमृतही नाही.

दुसरा अभ्यास दाण्यांचा. मराठी स्वयंपाकघरात दाण्याचं कूट नाही असा दिवस नाही आणि गुजरातेत तर शेंगदाण्याच्या तेलावरच घर चालतं, म्हणून मी तो डोळे मोठे करून वाचला. लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांपेक्षा इस्रायलमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी फारच कमी आहे. तिथली बाळं लहानपणापासून दाण्याचे कुरमुरे खातात. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली. अर्ध्यांना दाणा पूर्ण बंद, अर्ध्यांना नियमित द्यायचा. २०१५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांच्या वयाला, बंद ठेवलेल्या गटात १७.२ टक्के मुलांना दाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के.

याचा अर्थ, तोंडावाटे आधी ओळख झाली तर शरीर पाहुणा समजतं, फाटक्या कातडीवाटे आधी झाली तर चोर. म्हणून ‘बाळाला इसब आहे, मग अंडं बंद, दूध बंद, दाणा बंद’ असं मनानं करणं उलटं पडू शकतं. मात्र ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा आधीच काही खाऊन गांधी उठल्यात, त्याला असे पदार्थ पहिल्यांदा देण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच नाही, घशात अडकतो.

इथे एक निराशेची गोष्टही सांगितली पाहिजे. वाटलं होतं की जन्मल्यापासून रोज मॉइश्चरायझर लावलं तर भिंत मजबूत राहील आणि इसब होणारच नाही. ब्रिटनमध्ये घराण्यात ॲलर्जी असलेल्या १,३९४ बाळांवर हे करून पाहिलं. २०२० मध्ये निकाल: दोन वर्षांच्या वयाला लावलेल्यांत २३ टक्के, न लावलेल्यांत २५ टक्के मुलांना इसब. जवळजवळ सारखंच. इसब झाल्यावर मॉइश्चरायझर हवंच, त्यानं कोरडेपणा आणि खाज कमी होते. पण तो न होण्याचा ताईत नाही. तसंच, कातडी सांभाळली की दमा नक्की टळतो असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. सिद्ध झालेलं एवढंच की नीट उपचारांनी रोग आत जात नाही.

सगळेच रांगेत चालत नाहीत

‘मार्च’ हा शब्द वाचून ताई घाबरली. “म्हणजे हिला आता एकेक होतच जाणार?” म्हणाली. नाही. बहुतेक मुलांचा इसब पाच वर्षांच्या आत सुरू होतो आणि पुष्कळांचा मोठेपणी जातो किंवा अगदी सौम्य होतो. इसब असलेल्या साधारण तीन मुलांतल्या एकाला पुढे दमा होतो, म्हणजे दोघांना होत नाही. ज्यांचा इसब खूप लवकर सुरू होतो, तीव्र असतो, बराच काळ टिकतो, किंवा आईवडिलांना दमा-ॲलर्जी आहे, त्यांना धोका जास्त.

इंग्लंडमध्ये ९,८०१ मुलांचा अकरा वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतला होता. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की इसब, छातीतली शिट्टी किंवा नाकाची ॲलर्जी यांपैकी काहीतरी असलेल्या मुलांपैकी ७ टक्क्यांहूनही कमी मुलं पुस्तकातल्या क्रमानं चालली. बाकीच्यांचं वेगवेगळं. कुणाला नुसता इसब, कुणाला नुसत्या शिंका, कुणाला आधी छाती मग कातडी. माझा भाऊ त्या थोड्यांतला, एवढंच.

वडोदऱ्याची हवा आणि आपल्या सवयी

आमच्याकडे हिवाळा कोरडा. उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवताना ओठ आणि कातडी फुटतात, त्याच दिवसांत भावाच्या कोपराच्या घडी चिरतात. नवरात्रात उलटं: गरब्याचा घाम, वर आरशाचं जाड चणियाचोळी-केडियाचं कापड, म्हणून खाज. दिवाळीत धूर, म्हणून छाती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, पाणी समाच्या सोसायट्यांत शिरलं. ओल सुकायला वेळ लागला, भिंतींवर बुरशी धरली आणि भावाचा पंप पुन्हा खिशात आला. बुरशी, धूर आणि धूळ या दम्याला चाळवणाऱ्या गोष्टी आहेतच.

आता घरातल्या सवयी. बाळाला तेल चोळणं, डाळीच्या पिठानं घासणं आणि न्हाऊ घातल्यावर धुरी देणं. न्हाणं प्रेमाचं असतं, पण इसब असलेल्या कातडीला पिठाची घासाघीस सोसत नाही आणि धुरीचा धूर कोणत्याच बाळाच्या छातीला बरा नाही. तेलांतही फरक आहे. शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोठ्या माणसांच्या कातडीवर पाहिलं, तर ऑलिव्हच्या तेलानं ती भिंत कमकुवत झाली, सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही. बाप्तिस्म्यात आपण बाळाला ऑलिव्हचंच पवित्र तेल लावतो. मम्मीनं लगेच विचारलं, “मग फादरना सांगायचं का?” नाही गं, एका थेंबानं काही होत नाही. रोजच्या मालिशची गोष्ट आहे.

न्हाणं थोडक्यात, कोमट पाण्यानं, सौम्य साबणानं. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर भरपूर. नखं कापलेली. सुती कपडे. स्टिरॉईडचं मलम डॉक्टरांनी सांगितलं तेच, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस. मापाची सोपी युक्ती आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

स्टिरॉईडची भीती मात्र हवेतून आलेली नाही. आपल्याकडे दुकानातून विचारून आणलेली मलमं सर्रास वापरली जातात. नायटा असो, इसब असो की गोरं व्हायचं असो, ट्यूब एकच. त्यात अनेकदा कडक स्टिरॉईड असतं. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, नायट्याचा चट्टा आणखी पसरतो. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टिरॉईड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. तेव्हा भीती असावी ती बिनचिठ्ठीच्या ट्यूबची. डॉक्टरांनी तपासून दिलेली ट्यूब पर्समध्ये लपवायची गरज नाही.

आणि काही गोष्टींत थांबायचं नाही. चट्ट्यातून पाणी किंवा पू येऊन ताप आला, बाळाला श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जायला लागल्या, किंवा काही खाल्ल्यावर ओठ-तोंड सुजलं, तर घरगुती उपाय नाहीत. सरळ इस्पितळ.

मम्मीला काय सांगितलं

सुट्टीच्या शेवटच्या रात्री मी मम्मीला सगळं सांगितलं. तिनं मध्ये मध्ये प्रश्न विचारले. शेवटी मी म्हटलं, “तू लावलंस ते मलम बरोबर होतं. त्याच्यामुळे दमा झाला नाही.” ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “वसईहून फोन आल्यावर मी ते मलम बंद केलं होतं. दीड वर्ष. त्यानं किती खाजवलं असेल ना?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हटलं, तुला जे सांगितलं गेलं ते तू केलंस. आणि मलम चालू राहिलं असतं तर दमा झालाच नसता असंही नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. भाऊ पलीकडे मोबाईलवर होता. त्यानं मान वर न करता म्हटलं, “मम्मी, मोजे मस्त होते. एकावर ससा होता.” ती हसली आणि डोळे पुसले.

ताई आता ट्यूब कपाटावर उघड्यावर ठेवते. काकी अजून म्हणतातच, दबावी देशो तो अंदर जशे. मम्मीनं मला फर्मान सोडलंय: हा लेख छापून आला की त्याचं गुजराती कर. ते काम बाकी आहे.